प्रत्येक गटाची शेवटची तारीख कशी काढावी?

(ऊस विकास विभागाकडून)



बॉयलर पेटला की गट ऑफिसात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, आमची तोड कधी?" त्यावर आमचा उलट प्रश्नही ठरलेला, "तुमच्या उसाची तारीख काय?" आणि गाडी इथंच अडते. कारण एका उसाला एक तारीख नसते. लागणीची एक, खताची एक, मोठ्या बांधणीची एक, आमच्या कर्मचाऱ्याने बांधावर येऊन केलेल्या पाहणीची एक. खोडवा असेल तर मागच्या तोडीची आणखी एक. सभासद त्यातली आठवेल ती सांगतो, संगणक त्याला विचारलेली सांगतो, आणि दोघांचं जुळलं नाही की आवाज चढतो.

पूर्वी ही नोंद चिटबॉयच्या वहीत असे. आता बहुतेक ठिकाणी ती संगणकाच्या तक्त्यात, म्हणजे एक्सेल नाहीतर गुगल शीटमध्ये जाते. गावोगावची पोरंही आता घरच्या शेताचा हिशेब मोबाईलवर अशाच तक्त्यात ठेवू लागली आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण गेल्या दोन हंगामांत आम्हाला दाखवायला आणलेल्या अशा तक्त्यांपैकी निम्म्यांत तरी "शेवटची तारीख" भलतीच निघालेली होती. म्हणून या अंकात खत-पाण्याऐवजी तारखेचाच विषय घेतला आहे. (लेखात 'गट' म्हणजे सात-बारावरचा गट नंबर. आमच्या गट ऑफिसाशी गल्लत करू नये.)

जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना हा प्रश्न पडलाच नसता. त्यांच्याकडे दोन वह्या असत. किर्दीत रोजचा व्यवहार जसा घडेल तसा, आज याचा, उद्या त्याचा, असा तारीखवार उतरायचा. मग त्याच नोंदी खातेवार खतावणीत जायच्या, प्रत्येक माणसाचं पान वेगळं. रामभाऊंचा शेवटचा व्यवहार कधीचा हे बघायला दिवाणजी किर्दीचं शेवटचं पान काढत नसत, खतावणीतलं रामभाऊंचं पान काढत. संगणकातला आपला तक्ता ही किर्द आहे. शंभर गटांच्या नोंदी त्यात एकाखाली एक मिसळलेल्या असतात. तक्त्याची सगळ्यात खालची ओळ ही फार तर सगळ्यात शेवटी टाईप झालेली ओळ. ती तुमच्या गटाची असेलच असं नाही, आणि तुमच्या गटाची असली तरी तारखेने शेवटची असेलच असंही नाही. पाहणीची चिठ्ठी खिशात राहिली आणि आठ दिवसांनी टाईप झाली, हे होतंच.

उदाहरणासाठी तीन गटांचा एक लहानसा तक्ता घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत.

गट ११२, लागण (आडसाली), १५-०७-२०२३
गट ८७, लागण (पूर्वहंगामी), २५-१०-२०२४
गट ११२, तोड पूर्ण, खोडवा ठेवला, ०८-१२-२०२४
गट २०४, लागण (सुरू), २०-०१-२०२५
गट ११२, पाहणी, २२-०८-२०२५
गट ८७, बांधणी, १५-०३-२०२५
गट २०४, बांधणी, ०२-०६-२०२५

आता १ डिसेंबर २०२५ रोजी कुणाचा ऊस किती दिवसांचा? ८७ चा ४०२ दिवसांचा, २०४ चा ३१५ दिवसांचा, यात वाद नाही. खरी गंमत ११२ ची आहे. पहिली तारीख धरली तर तो ऊस ८७० दिवसांचा होतो आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो. सगळ्यात शेवटची तारीख धरली तर ती पाहणीची निघते आणि तोच ऊस १०१ दिवसांचं पोर ठरतो. प्रत्यक्षात तो खोडवा आहे. त्याचं वय मागची तोड संपली त्या दिवसापासून मोजायचं, म्हणजे ३५८ दिवस. एकच गट, एकच जमीन, आणि तीन वयं! तोडणीचा क्रम वयावर लावायचा म्हटलं तर ८७, मग ११२, मग २०४ असा लागायला हवा. पाहणीची तारीख पकडली की ११२ चा मालक रांगेत शेवटी जातो आणि त्याचा ऊस उगाच फडात उभा राहतो. लागणीची पकडली की ८७ वाल्याचा हक्काचा नंबर जातो.

यात एकट्याचं नुकसान होतं असंही नाही. कोवळा ऊस आधी आला तर उतारा पडतो, वय झालेला ऊस मागे राहिला तर पोकळ पडतो, वजन घटतं. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या गटाची चुकलेली तारीख आपल्याही बिलात थोडीफार येते, बरं का.

आता सूत्राकडे वळू. एक्सेलच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत आणि गुगल शीटमध्ये 'मॅक्सइफ्स' नावाचं सूत्र आहे. यंत्रावर ते रोमन अक्षरांत टाईप करावं लागतं. इथे आपण मराठीत त्याची मांडणी बघू:

= मॅक्सइफ्स ( तारखेचा रकाना, गटाचा रकाना, ११२ )

याचा अर्थ सरळ आहे. पूर्ण तक्ता चाळ, गटाच्या रकान्यात ११२ असेल तेवढ्याच ओळी चाळणीवर ठेव, आणि त्यांतली सगळ्यात मोठी तारीख सांग. तारीख मोठी कशी, असं कुणी विचारील. एक्सेल तारखेला आतून एका आकड्यानेच ओळखतं. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला धरून पुढे मोजत आलेला क्रमांक म्हणजे तारीख. १ जानेवारी २०२५ हा ४५६५८ वा. पुढची तारीख म्हणजे मोठा आकडा, इतकं साधं. एका तारखेतून दुसरी वजा केली की दिवस निघतात तेही याचमुळे.

पण वरचं सूत्र जसंच्या तसं वापरलं तर ११२ ला पाहणीचीच तारीख मिळेल. म्हणून चाळणीला आणखी एक जाळी लावायची. तक्त्यात 'आरंभ' नावाचा एक रकाना वाढवावा. ज्या नोंदीपासून उसाचं वय सुरू होतं, म्हणजे लागण किंवा तोड पूर्ण, त्या ओळीत तिथे 'हो' लिहावं. बाकी ओळी रिकाम्या ठेवाव्यात. मग:

= मॅक्सइफ्स ( तारखेचा रकाना, गटाचा रकाना, ११२, आरंभाचा रकाना, "हो" )

आता उत्तर ०८-१२-२०२४ येतं. वेगळ्या कागदावर सगळे गट एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर हेच सूत्र ओढलं की आपली खतावणी तयार. ओढताना ११२ च्या जागी शेजारच्या घराचा पत्ता द्यावा आणि रकान्यांचे पत्ते डॉलरच्या खुणेनं पक्के करावेत, नाहीतर सूत्राबरोबर तेही खाली घसरतात.

जुनं एक्सेल असलेल्यांनी हिरमुसू नये. त्यांच्यासाठी 'पिव्होट टेबल' आहे. ओळींच्या जागी गट टाकावा, किमतीच्या जागी तारीख. ते आधी नुसती नोंदींची संख्या दाखवील. तिथे संख्या काढून 'मॅक्स' निवडायचं आणि त्या रकान्याला तारखेचं रूप द्यायचं. आम्हाला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते, कारण एकही गट सुटत नाही. एकच पथ्य आहे: नवीन नोंद भरली की 'रिफ्रेश' करावं लागतं. ते विसरलं की पिव्होट टेबल जुनीच खतावणी दाखवत राहते.

सूत्राला अक्कल नसते, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. तारखेत कुणी २०२५ ऐवजी २०५२ टाईप केलं तर ती तारीख त्या गटाच्या डोक्यावर सत्तावीस वर्षं बसून राहील, मागून कितीही खऱ्या नोंदी येवोत. त्यावर उपाय म्हणून सूत्रात "आजची किंवा आजच्या आतली" अशी तिसरी अट घालता येते. आम्ही ती घालायला सांगतो. दुसरी भानगड दिवस-महिन्याच्या अदलाबदलीची. मोबाईल किंवा संगणक अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल तर ०८-१२-२०२४ ही ८ डिसेंबर न राहता १२ ऑगस्ट होते. ११८ दिवसांचा फरक, आणि दोन्ही तारखा दिसायला चोख! १५-०७ सारखी तारीख असेल तर यंत्राला पंधरावा महिना सापडत नाही, मग ती तारीख न राहता नुसती अक्षरं म्हणून बसते. मराठी आकड्यांत टाईप केलेल्या तारखेचंही बहुतेक ठिकाणी असंच होतं. ओळखायची खूण सोपी आहे. आपण मुद्दाम काही बदललेलं नसेल तर खरी तारीख घराच्या उजव्या कडेला चिकटते, अक्षरं डाव्या कडेला. डावीकडची तारीख सूत्र मोजतच नाही. आणि एखाद्या गटाच्या सगळ्याच तारखा अशा असतील तर उत्तर शून्य येतं, जे एक्सेल '००-०१-१९००' असं दाखवतं. एका सभासदाच्या मुलानं ते पाहून विचारलं, आजोबांच्या वेळची नोंद आहे का ही?

सूत्र तारीख देतं, त्या दिवशी काय काम झालं ते देत नाही, ही तक्रारही आमच्याकडे येते. ते हवं असेल तर तक्त्याला गाळणी लावून तेवढाच गट समोर घ्यावा आणि नवी तारीख वर येईल असा क्रम लावावा. पहिली ओळ वाचली की काम झालं. एकाच दिवशी दोन नोंदी असतील तर दोन्ही वाचाव्यात.

एवढं सगळं झाल्यावरही मूळ प्रश्न शिल्लक राहतो, की गट कशाचा धरायचा? ११२ नंबरचा गट आपल्या कार्यक्षेत्रात एकच आहे का? गट नंबर गावापुरता असतो. शेजारच्या गावातही ११२ आहे आणि पलीकडच्याही. नुसता गट नंबर दिला तर सूत्र तिन्ही गावांच्या ओळी एकत्र चाळणार. त्यात पोटहिस्से आले, भावाभावांत वाटलेले. म्हणून गाव, गट, हिस्सा आणि सभासद क्रमांक अशा चार अटी लागतात. नावावर तर कधीच जाऊ नये. एका गावात एकाच नावाचे तीन सभासद असतात, आणि एकाच सभासदाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

हे शेतावर जेवढं खरं आहे तेवढंच मुंबईच्या चाळीतही खरं आहे, हे आम्ही लालबागला पाहिलं.

आपले पुष्कळ सभासद पोटासाठी मुंबईला गेलेल्या घरांतले. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातल्या माणसांनी गिरणगाव भरलं ते काही उगाच नाही. एकेका गावाची म्हणून लालबाग-परळला खोली असे, गावचा माणूस वळकटी घेऊन थेट तिथेच उतरे. पगारातली मनीऑर्डर गावाला येई, आणि उसाचं बी, इंजिन, विहिरीचं खोदकाम यांत त्या पैशाचा वाटा किती हे जुन्या मंडळींना विचारावं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे गिरण्याच एकेक करून बंद पडत गेल्या. त्या कामगारांना किंवा वारसांना गिरण्यांच्या जमिनीवर घरं देण्याची योजना आली तेव्हा पात्रतेची मेख एका तारखेत होती: १ जानेवारी १९८२. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो कामगार गिरणीच्या पटावर होता तो पात्र. म्हाडाची पहिली सोडत २८ जून २०१२ ला निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात. सप्टेंबर २०२३ मध्ये म्हाडाने उरलेल्या अर्जदारांची पात्रता तपासायला खास मोहीम सुरू केली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी काही मुंबईकर सभासदांच्या वारस नोंदीचे कागद घ्यायला आम्ही लालबागला गेलो होतो. भारतमाता सिनेमाच्या मागच्या बाजूला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर बसलो. घरातले गिरणी कामगार वारलेले. शेअर अजून त्यांच्याच नावावर होता, म्हणून आमचं जाणं. मुलगा म्हणाला, साहेब, आमचा कागद बघता बघता हाही एक बघा, आणि त्याने बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला. तिकीट नंबरचा कागद, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ई.एस.आय.चं कार्ड, रजेच्या नोंदीचा उतारा, कुठल्या कुठल्या पावत्या. मुलगा नोकरीला खासगी ऑफिसात, त्याने सगळ्याचा तक्ता मोबाईलवर व्यवस्थित केलेला. गिरणी, तिकीट नंबर, कागद, तारीख. आणि तिकीट नंबरावरून प्रत्येकाची शेवटची तारीख काढलेली. एका नंबराला १९६८ आली होती.

त्याने आम्हाला पहिल्यांदा दाखवला तो भरतीचा कागद, १९६१ चा. घरात सगळ्यांना ती तारीख पाठ होती. बाबा कधी लागले हे आईला, सुनेला, शाळेतल्या नातवालाही माहीत. शेवटचे कधी गेले हे कुणाला सांगता येईना. आमच्याकडे लागणीची तारीख जशी सगळ्यांना पाठ असते, तसंच.

आम्ही त्याला एवढंच सुचवलं की तिकीट नंबर बाजूला ठेव आणि माणसावर गट कर. वडील आधी एका गिरणीत बदली कामगार होते, मग दुसऱ्या गिरणीत कायम झाले. गिरणी बदलली की तिकीट नंबर बदलतो, म्हणून तक्त्यात त्यांचे दोन वेगळे कामगार झाले होते, जसे आपल्याकडे एका सभासदाचे दोन गावांत दोन गट होतात. आपल्याला दोन्ही गट वेगळे हवे असतात, कारण ऊस वेगळा. तिथे मात्र नियम माणसाला विचारतो, तिकिटाला नाही. त्याने दोन ओळींची एक केली. सूत्र तेच. आता तारीख आली ४ जानेवारी १९८२. रजेच्या उताऱ्यातली.

आईंनी डोळ्यावर चष्मा चढवून तो उतारा वाचला. म्हणाल्या, ही उसाच्या तोडीची रजा. दर वर्षी जानेवारीत आठ दिवस गावाला येत. घरचा ऊस स्वतः उभं राहून घालवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या रजेवरून ते परत गेले आणि दोन आठवड्यांत संप झाला.

मुलाने तो उतारा डब्यातून काढून प्लास्टिकच्या पाकिटात सगळ्यात वर ठेवला. पडताळणीत कुठला कागद चालतो हे ठरवणं आमच्या हातात नाही आणि घर तर सोडतीवर आहे. पण दाखवायचा कागद कुठला, हे त्या घराला त्या दिवशी कळलं. मग चहा झाला, वारस नोंदीच्या सह्या झाल्या. (जाताना मसाला गल्लीतून मिरचीच्या वासाने शिंकत शिंकत परळपर्यंत गेलो, ते वेगळंच.)

शेवटची तारीख जिथे मुळीच धरू नये असं एक ठिकाणही सांगितलं पाहिजे. ते म्हणजे ऊस बिल. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, वेगळा करार नसेल तर. उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. काही सभासद आपल्या वजनपावत्यांचा तक्ता करून शेवटच्या पावतीपासून १४ दिवस मोजतात. मोठा फड आठ-दहा दिवस चालतो. शेवटच्या गाडीपासून मोजलं तर पहिल्या गाडीचे आठ-दहा दिवस फुकट जातात. प्रत्येक पावतीचे १४ दिवस वेगळे. म्हणून इथे उलट सूत्र, 'मिनइफ्स', म्हणजे बिल न झालेल्या पावत्यांतली सगळ्यात जुनी तारीख. त्यासाठी तक्त्यात 'बिल झालं' असा रकाना ठेवावा आणि तो रिकामा असेल तेवढ्याच ओळी चाळाव्यात. हा हिशेब सभासदाने जरूर मांडावा आणि घेऊन यावा. आम्हाला राग येणार नाही. तारखा हातात असलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं.

या हंगामासाठी आमची विनंती एवढीच आहे. चिठ्ठीवर गाव, गट, हिस्सा आणि सभासद क्रमांक लिहावा. तारीख दिवस-महिना-साल अशी लिहावी आणि साल चार आकडी टाकावं. महिना अक्षरांत लिहिला तर आणखी चांगलं, '८ डिसेंबर २०२४' याची अदलाबदल कुठलंच यंत्र करू शकत नाही. काम काय झालं ते एका शब्दात लिहावं: लागण, खत, बांधणी, तोड पूर्ण. तोडीची तारीख म्हणजे फडातली शेवटची मोळी भरली तो दिवस, पहिला कोयता लागला तो दिवस नाही. खोडवा ठेवायचा नसेल आणि ऊस मोडणार असाल तर तीही नोंद द्यावी, नाहीतर तक्त्यात तुमचा नसलेला ऊस वाढत राहतो.

ज्यांचा ऊस भाऊ किंवा वाटेकरी बघतो अशा मुंबई-पुण्याच्या सभासदांनी सात-बारा आणि आठ-अ चा ताजा उतारा गट ऑफिसात पाठवावा. त्यांच्या गटाच्या नावे असलेल्या सगळ्या नोंदी तारखांसह कागदावर काढून देऊ. त्या आधी घरच्या वहीशी ताडून पाहाव्यात आणि जिथे फरक दिसेल त्या ओळीवर लाल पेनाने खूण करून कागद परत पाठवावा.